परग्रहावरच्यांना न्यायला कोण जाणार?

भाषण होतं परग्रहावरचे पाहुणे आपल्याकडं का येत नाहीत यावर, आणि पलूसहून एवढ्या लांब आलेल्या पाहुणीला कुणी घोटभर पाणी विचारलं नाही. अर्धं उत्तर मला तिथंच मिळालं. असो. मंडळी, नमस्कार.

साताऱ्यात कॉलेजला असलेली माझी नात शर्वरी म्हणाली, ये आज्जी, ऐक तरी. गेले. पलूसहून सकाळी कराडची एसटी धरा, कराडला गाडी बदला. बायकांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरी ओलांडली की फुकट. आधारकार्ड हाताशी ठेवा, कंडक्टरला म्हातारपण डोळ्यांनी दिसत नाही. हायवेचं काम चालूच आहे, तोंडाला पदर लावा. डबा घरचाच न्या.

हॉलात निम्मे रिटायर फौजी. भाषण देणारे सर तरुण, पण मला कळेल असं बोलले. तारे इतके लांब की हाकेला उत्तर यायला पिढ्या जातील. कदाचित तिकडं कुणी नसेलच, कदाचित होऊन गेले असतील. आणि एक गोष्ट मला चिकटली. आपण कान लावून बसलोय फार, हाक मारलीय थोडी. तेही तसेच बसले असतील तर सगळं आभाळ गप्प.

मी हात वर केला. "सर, आमच्यात लेक मूळ, म्हंजी माहेरचं बोलावणं, आल्याबिगर माहेरी येत न्हाई. तिला न्यायला भाऊ न्हाईतर भाचा जातो, त्याला मुराळी म्हणायचं. तुमी मुराळी धाडला का?"

लोक हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, धाडावा की नाही यावरच जाणत्यांची भांडणं चाललीत.

मागनं एक सुभेदार म्हणाले, "आवं आज्जी, हाक मारली आन दुश्मन आला तर?"

"सोयरं यायच्या आधीच बंदूक पुसत बसला, तर तुमच्या दारात कोण येतंय?"

बोलून खाली बसले आणि मला नणंद आठवली. आक्का कोरेगावला असते. तिचं माहेर म्हणजे माझं घर. मालक होते तोवर दिवाळीला तेच मुराळी. ते गेले, माझा लेक फौजेत, त्याला सणाला सुट्टी नाही. बोलावणं नाही म्हणून आक्का येईना, न्यायला पुरुष नाही म्हणून आमच्यातनं कुणी जाईना. त्यात तिचे गुडघे धरलेले. आणखी थोडं थांबलं तर तिला माहेर दिसायचं नाही.

रात्री साताऱ्यातच राहिले, दुसऱ्या दिवशी पेढे घेतले आणि कोरेगावची एसटी धरली. फार लांब नाही, उभं राहूनही जाता येतं. आक्का ओसरीवर घेवडा निवडत होती. कोरेगावला गेलात तर वाघ्या घेवडा खाच, लसूण सढळ हातानं घातलेला.

"वाट चुकलीस व्हय?" तिनं मान वर न करता विचारलं.

"न्यायला आलेय."

"बाई कवा मुराळी झाली?"

"आज. लुगडी भर."

ती निवडतच राहिली. तिची सून गुडघ्यांचं काहीतरी बोलली, तर आक्कानं तिला गप्प केलं. मग सुपातला घेवडा पिशवीत ओतून माझ्याकडं सरकवला. "ह्यो बरोबर घे. तुझ्या हातचं कालवण मला म्हाईत हाय."

येताना गाडीत तिला खिडकी दिली. कराडपर्यंत तिनं माझ्या सुनेला नावं ठेवली, पुढं मला.

आता आक्का पलूसला आहे. काल अंगणात बसून तिनं विचारलं, ते वरचे येतील का गं. मी म्हटलं, येतील की. एवढे दिवस आक्का आली नव्हती, म्हणून आक्का नव्हतीच असं थोडंच होतं? तिकडंही एखादी म्हातारी रीत बाजूला ठेवून, पदर खोचून निघाली असेल. वाट लांबची आहे, वेळ लागणारच. सातारचं एवढंच माझ्यापाशी राहिलं, आणि मला ते पुरे आहे.

संक्रांतीनंतर आक्का परत जाईल. पुढच्या खेपेला तिला आणायला कोण जाणार? फौजेतला माझा लेक हे वाचतो. उत्तर त्यानंच लिहायचं. सुनेनं त्याच्या नावानं लिहिलेलं चालणार नाही.