आपोआप वाळलेली भिंत

नळवाले काकांना घरी बोलवायचं तर आधी काकूंची तोंडी परीक्षा द्यावी लागे. फोन काकूच घ्यायच्या. गळतंय कुठे, थेंब थेंब की धार, भिंत कधीपासून ओली, वरच्या मजल्यावर कोण राहतं, हे सगळं खोदून खोदून विचारून झालं की मगच त्या नवऱ्याला पत्ता सांगत. एखादं गिऱ्हाईक संध्याकाळी पुन्हा फोन करून म्हणे, "राहू द्या आता, गळायचं आपोआप थांबलं. सुंठीवाचून खोकला गेला." की काकूंचा आवाज चढायचा. "अहो, गेला कसला! आमचे हे म्हणतात, आपोआप थांबलेली गळती गेलेली नसते, दडून बसलेली असते. उद्या येतील ते."

आणि काका खरंच जात. जुन्या लोखंडी पाइपाला चीर पडली की कधीकधी पाण्यातला गाळ न् गंज तिथंच अडकतो. चीर बुजते, भिंत वाळते, घरमालक खूश होतो. मग एखाद्या दिवशी पाण्याचा जोर वाढला की तो गाळ सुटतो आणि सगळं मुसळ केरात जातं. कोरडी ठणठणीत भिंत फोडायला निघालेल्या माणसाला लोक वेड्यात काढणारच. काका काही ऐकत नसत. हा बाबा सासऱ्याचीही भिंत सोडणार नाही, असं त्यांचा मेहुणा म्हणे. त्यात खोटं काही नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी काकांनी ती फोडली होती.

त्या दोघांना मूल झालं ते फार उशिरा, आशा सोडून दिल्यावर. मुलगी झाली. सहा वर्षांची झाल्यावर ती सुट्टीच्या दिवशी बापाबरोबर कामावर जाऊ लागली. हत्यारांची लोखंडी पेटी रिकामी झाली की ती त्या पेटीवर बसे आणि तिथून हुकूम सोडी. "बाबा, तो नाही, मोठा पाना घे!" काका तिला मुकादम म्हणत. घरी आल्यावर ती आईला कामाचा अहवाल देई. "आज बाबाने एक फरशी फोडली. चुकून. मी ओरडले त्याला." काकू हसू दाबत विचारत, "मग? ऐकलं का त्याने?"

ही मुकादम एकदा पेटीवर बसल्या बसल्या पेंगू लागली. शाळेत दमत असेल, असं काकांना वाटलं. मग पायांवर निळे डाग दिसले. धडपडी पोर, पडली असेल कुठेतरी. मग ताप आला, तो जाईना, चेहरा पांढरा पडत गेला. रक्त तपासलं, कमरेच्या हाडातली मज्जा काढून तपासली. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई शांत स्वभावाच्या होत्या, पण आडवळणाने बोलणाऱ्या नव्हत्या. "रक्ताचा कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या. "या वयात औषधांनी बरी होणारी मुलं पुष्कळ असतात. उपचार लांबलचक आहेत, त्रासाचे आहेत. पण करायचे." काकूंनी सवयीने विचारलं, "कधीपासून सुरू करायचे?"

ते सुरू व्हायच्या आतच मुकादमला न्यूमोनियाने गाठलं. ताप उतरेना. छाती भात्यासारखी वरखाली व्हायची. बाकीचं सगळं बाजूला ठेवून डॉक्टर त्याच्याच मागे लागले. रक्त चढवलं, सुयांवर सुया झाल्या. काका आणि काकू खाटेच्या दोन बाजूंना बसून राहिले. एकमेकांकडे बघायची त्यांना भीती वाटत होती, कारण पोर हातची जाणार हे दोघांनाही दिसत होतं.

आणि ती गेली नाही. एका सकाळी ताप उतरला. दुपारी तिने दूध मागितलं, वर "साय काढू नका" असं नर्सला बजावलं. रक्ताचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरबाईंनी तो दोनदा वाचला, पुन्हा रक्त पाठवलं, पुन्हा मज्जा तपासली. कॅन्सरची एकही पेशी सापडेना. कॅन्सरवरचं औषध तर अजून एक थेंबही पोटात गेलं नव्हतं.

त्यांनी दोघांना खोलीत बोलावून घेतलं. "हे मी फक्त वाचलं होतं, बघतेय पहिल्यांदाच. फार क्वचित, मोठा जंतुसंसर्ग झाला की हा आजार आपोआप मागे हटतो. का, ते कोणालाच नीट माहीत नाही. पण तो जवळजवळ नेहमीच परत येतो. आत्ता तिच्या अंगात ताकद येतेय. हीच वेळ आहे. पुढच्या आठवड्यात औषधं सुरू करू."

घरी मेहुणा वाट बघत होता. भाचीला उचलून घेत म्हणाला, "सुंठीवाचून खोकला गेला की!" या वेळी काकूंचा आवाज चढला नाही. त्या हसल्या आणि डोळे पुसले.

मेहुणा गेल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "वॉर्डातली मुलं बघितलीत ना? केस गेलेले, तोंडात फोड, पाणी गिळवत नाही. माझं लेकरू आज चांगलं हसतंय-खेळतंय. त्याला मी आपल्या हाताने त्यात ढकलू? का? तर आजार कदाचित परत येईल म्हणून?"

काकांच्या ओठांवर ते दडून बसलेल्या गळतीचं वाक्य आलं होतं. आयुष्यभर त्यांनी ते परक्या लोकांना ऐकवलं होतं. खाली रस्त्यावर मुकादम दोरीवरच्या उड्या मारत होती आणि चुकली की समोरच्या मुलीला दोष देत होती.

"थोडे दिवस थांबू," काका म्हणाले.

हॉस्पिटलातून फोन आला. काकूंनी "कळवतो" म्हणून ठेवून दिला. मुकादम पुन्हा शाळेत जाऊ लागली. तिचा पुढचा दात पडला. ती सायकल शिकली, काका कॅरिअर धरून मागे धावायचे आणि पुढून हुकूम यायचे. घरात इतका आनंद पूर्वी कधी नव्हता, नंतर तर नव्हताच. फक्त रोज सकाळी मुलीच्या पायांत मोजे चढवताना काका पाय जरा जास्त वेळ न्याहाळत. ते का, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

एका सकाळी घोट्याच्या वर निळा डाग होता.

"बाबा, मी कुठे पडले नाही हं," मुकादम आपणहून म्हणाली.

काकांनी मोजा वर ओढला, तिला शाळेत सोडलं आणि कोपऱ्यावर हातातली पेटी टेकवून त्या पेटीवर बसून रडले. मग घरी जाऊन काकूंना सांगितलं. संध्याकाळी तिघं हॉस्पिटलात होती.

आजार परत आला तो दुप्पट जोराने. आता सगळी औषधं झाली. केस गेले, तोंडात फोड आले. सलाइनच्या नळीकडे बघत ती बारीक आवाजात विचारायची, "बाबा, थेंब बरोबर पडतोय का बघ." काका उठून बघत. "बरोबर पडतोय, मुकादम." औषधांना आजार दाद देईना. ती गेली तेव्हा तिच्या पडलेल्या दाताच्या जागी नवा दात अर्धाच आला होता.

काही दिवसांनी काका एकटेच डॉक्टरबाईंना भेटायला गेले. तेव्हाच सुरू केलं असतं तर, एवढंच त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "आशा जास्त होती. नक्की वाचली असती, असं मात्र मी सांगू शकत नाही. कोणीच नाही." घरी काकूंनी विचारलं, "काय म्हणाल्या?" काका म्हणाले, "काही नाही."

फोन काकूच घेत राहिल्या. प्रश्न मात्र संपले. गळायचं थांबलं असं कोणी म्हटलं की त्या "बरं" म्हणून फोन ठेवत. काकांनीही ते वाक्य पुन्हा तोंडातून काढलं नाही. घरात दोन माणसं होती आणि दोघंही पाय न वाजवता चालत.

मग त्यांच्याच स्वयंपाकघरात, मोरीच्या वर, भिंतीला ओल आली. काका बघू-बघू म्हणत राहिले. थोड्या दिवसांनी ती आपोआप वाळली. काकांनी सुटलेले पापुद्रे खरवडले आणि वर रंगाचा हात मारला. भिंत फोडली असती तर न बोलता ते वाक्य काकूंना ऐकवल्यासारखंच झालं असतं, आणि ते त्यांच्याने होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते उठून आले तर ओट्यावर छिन्नी आणि हातोडा. हत्यारं सगळी खाली मांडलेली. काकू भिंतीकडे बघत उभ्या होत्या.

"फोडा," त्या म्हणाल्या.

"वाळलीय गं ती."

"आपोआप वाळलीय." काकूंचा आवाज चढला, कितीतरी महिन्यांनी. "मी विसरले वाटलं तुम्हाला? अख्ख्या गावाला फोनवर मीच सांगत होते. आणि माझ्या पोरीच्या वेळी माझीच अक्कल शेण खायला गेली. पण तुम्हाला तर कळत होतं ना? मग भांडला का नाहीत माझ्याशी? उचलून का नेलं नाहीत तिला? माझं का ऐकलंत?"

काका म्हणाले, "तू बोलली नसतीस तर मीच बोललो असतो. तू नको म्हणावंस, म्हणून मी गप्प बसलो होतो." मग त्यांनी उरलेलंही सांगितलं. "डॉक्टरबाईंचा मलाही फोन आला होता, तू घरी नव्हतीस तेव्हा. उशीर करू नका म्हणाल्या. मी येतो म्हटलं आणि गेलो नाही. तुला सांगितलंही नाही. तू एकटीने नाही थांबवले तिचे उपचार. मीही थांबवले."

जवळ रिकामी पेटी होती, काकू तिच्यावर बसल्या. मुकादम गेल्यापासून त्या पेटीवर कोणी बसलं नव्हतं. पदर तोंडात कोंबून त्या रडल्या, आणि काका भिंतीला टेकून रडले. मग काकांनी पाणी बंद केलं आणि छिन्नी लावली.

पाइप दिसला. चिरेत गंजाचा तांबडा गोळा घट्ट बसला होता. काकांनी नखाने तो उकरला, तसं आत राहिलेलं पाणी थेंब थेंब गळू लागलं. जोड सोडवायला त्यांनी खाली हात घातला आणि हाताला लागला तो पाना उचलला.

"तो नाही," पेटीवरून काकू म्हणाल्या. "मोठा घ्या."

काकांनी तो खाली ठेवला आणि मोठा घेतला.