दोन्हीकडचं टायपिंग

लोक जमिनीवरून भांडतात, घराच्या वाटणीवरून भांडतात, मेलेल्या आईच्या बांगड्यांवरून भांडतात. ते निदान समजतं तरी. माझ्या बहिणीचे दोन मुलगे भांडले ते जगात कुणालाही फुकट मिळणाऱ्या वस्तूवरून. फुकट! हवी तितकी घ्या, कुणी नाही म्हणत नाही. तरी यांना पुरली नाही.

मी त्यांची मावशी, ताईच्याच घरात राहणारी. उभा जन्म वॉर्डात नर्स म्हणून गेला. मोठमोठ्या डॉक्टरांना तोंडावर सुनावलंय, तिथे या दोन टोणग्यांची काय पत्रास? पण ताईनं मला कधी बोलू दिलं नाही. "तू मध्ये पडू नकोस गं," म्हणायची, "आपलेच दात आणि आपलेच ओठ." आता ती काही म्हणू शकत नाही, म्हणून मी बोलते.

ताई टायपिस्ट. भावजी टाइपरायटर दुरुस्त करायचे, आणि दुरुस्त झालेलं यंत्र ताई चालवून बघायची, असा त्यांचा संसार. धाकटा अजून शाळेतही जात नव्हता तेव्हा भावजी गेले. ताईनं खिडकीशी टेबल ओढलं आणि टायपिंगची कामं घ्यायला लागली. लोकांचे अर्ज, करारनामे, प्रबंध. पाठ ताठ, नजर कागदावर. बटणांकडे बघायची तिला गरजच नव्हती. कुणाला दोन प्रती हव्या असल्या की मध्ये कार्बन घालायची आणि एका फटक्यात दोन्ही निघायच्या. हा कार्बन लक्षात ठेवा, पुढे मला त्यावरून रडायचंय.

मुलं बापाच्या हत्यारांच्या पेटीवर वाढली. मोठी झाल्यावर दोघांनी मिळून गल्लीत एक दुकान टाकलं. लोकांनी मोडीत काढलेले कॉम्प्युटर आणायचे, झाडूनपुसून त्यात फुकटातली सिस्टीम घालायची आणि पुन्हा चालते करायचे. सिस्टीम म्हणजे काय, तर ज्याच्यावर कॉम्प्युटर चालतो ते. विकतची असते तशी फुकटचीही असते. एकमेकांची तोंडंही न पाहिलेली माणसं ती घरबसल्या बनवतात आणि आतलं सगळं उघडं ठेवतात. हे मला त्या दोघांनीच शिकवलं. पण अशा फुकटच्या सिस्टीमही एक नाही, ढीगभर. थोरल्याचा जीव एकीवर, धाकट्याचा दुसरीवर.

थोरल्याच्या सिस्टीमचं चिन्ह पेंग्विन. धाकट्याच्या सिस्टीमचं चिन्ह एक लालबुंद पोर, डोक्याला दोन शिंगं, हातात त्रिशूळासारखा काटा, पायात बूट. ताईनं ते पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, हे काय ध्यान? याला आईबाप आहेत की नाही?" तेव्हापासून आमच्या घरात एक पेंग्विन आणि दुसरा शिंगवाला.

आधी सगळी गंमतच होती. जेवताना चालायचं. थोरला म्हणायचा, "पेंग्विनमागे माणसं किती आहेत बघ. काही अडलं तर मदतीला गर्दी." धाकटा म्हणायचा, "दादा, गर्दीत घर होत नाही. माझं सगळं एका घरातलं आहे, एका हाताचं." मी म्हणायची, दोघंही आधी ताटातलं संपवा. ताई हसायची. तिला काही कळत नव्हतं, पण दोघं समोर बसून तावातावानं बोलतायत, एवढं तिला पुरायचं.

मग वाचनालयाचं काम आलं. तिथले सगळे कॉम्प्युटर नव्यानं बसवायचे होते आणि सगळ्यांत एकच सिस्टीम हवी होती. दुकानाच्या वतीनं थोरला ग्रंथपालांकडे गेला आणि पेंग्विनवर शब्द देऊन आला. धाकट्याला हे कळलं आणि तो गुपचूप जाऊन त्याच ग्रंथपालांना शिंगवाला दाखवून आला. ग्रंथपाल म्हणाले, ज्या दुकानातल्या दोन भावांचं एकमत नाही त्यांच्या हाती मी वाचनालय कसं देऊ? दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. काम एका विकतच्या सिस्टीमवाल्यानं नेलं.

त्या दिवशी जेवताना थोरला म्हणाला, "तू माझ्या पाठीत सुरा घातलास." धाकटा म्हणाला, "तू मला विचारलंस तरी का?" दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत. धाकटा उठला, आपलं ताट धुतलं, पालथं घातलं आणि घरातून गेला. दुकानामागच्या खोलीत राहायला लागला. थोरल्यानं दुसऱ्या रस्त्यावर वेगळं दुकान केलं, लग्न झाल्यावर बिऱ्हाडही तिकडेच नेलं. दोघं एकमेकांना पाण्यात पाहायला लागले.

आणि मध्ये सापडली ताई. तोपर्यंत तिचंही टायपिंग कॉम्प्युटरवर आलं होतं, आणि त्या कॉम्प्युटरमध्ये अर्ध्या भागात पेंग्विन आणि अर्ध्या भागात शिंगवाला होता. भांडणाआधी दोघांनी हौसेनं घातलेला. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या. वर पेंग्विन, खाली शिंगवाला. कोण हवंय? वरचा हवा असेल तर नुसतं एंटर. खालचा हवा असेल तर एकदा खालचा बाण, मग एंटर. एका वेळी एकच. दोन्ही एकदम उघडायची सोय नाही. जसे मुलगे तसं मशीन.

थोरला सकाळी दुकानात जाताना डोकवायचा, धाकटा संध्याकाळी, पण दोघांचाही नेम नसायचा. थोरल्याची स्कूटर कोपऱ्यावरच खोकायची. धाकटा दोन-दोन पायऱ्या ओलांडत जिना चढायचा. ताई टाइप करता करता कान तिकडे लावून असायची. स्कूटर खोकली की मशीन बंद करून पुन्हा चालू, एंटर. जिना वाजला की बंद, चालू, बाण, एंटर. आत येईपर्यंत ज्याचं त्याला दिसलं पाहिजे.

एकदा पेंग्विन उघडा होता आणि धाकटा अगदी दाराशी आला. ताईनं सरळ भिंतीतून पिन उपटली. धाकटा आत येऊन म्हणाला, "लाईट गेली का गं?" डोक्यावर पंखा गरगरत होता. मी म्हटलं, "हो रे, टेबलापुरतीच गेलीये." ताईनं माझ्याकडे असं बघितलं की मी भाजी चिरायला निघून गेले.

पण खरी कमाल पुढेच आहे. मला बरेच दिवस कळेना, काम तेवढंच आणि ही दिवसभर टेबलाशी कशी? एक दिवस मागे उभी राहून बघितलं. सकाळी पेंग्विनमध्ये टाइप केलेला करारनामा ती दुपारी शिंगवाल्यात पुन्हा टाइप करत होती. पहिल्या शब्दापासून. मी म्हटलं, "ताई, डोकं ठिकाणावर आहे का?"

म्हणाली, "ते येतात तेव्हा उघडून बघतात गं. मी काय काय केलं ते. एकाचं भरलेलं आणि दुसऱ्याचं रिकामं दिसलं तर त्याला काय वाटेल?"

"मग एकदा टाइप कर आणि उचलून दुसरीकडे टाक ना! त्याची सोय असते म्हणे."

"कळतं त्यांना. कुठून आलं, कधी आलं, सगळं मशीन सांगतं. धाकट्याच्या नजरेतून काही सुटत नाही." आणि पुन्हा टाइप करायला लागली.

जिनं जन्मभर कार्बन घालून एका फटक्यात दोन प्रती काढल्या, ती म्हातारपणी एकेक पान दोनदा बडवत होती. बोटांचे सांधे सुजून लिंबाएवढे झाले होते. संध्याकाळी मी मलम चोळायची आणि शिव्या घालायची, तिला नाही, तिच्या लेकांना. ती म्हणायची, "मला काय हवंय गं? दोघं एका वेळी या खोलीत यावेत. बोलू नका म्हणावं वाटलं तर. नुसते बसा." तिचं सगळं मागणं एवढंच होतं.

आणि इथंच तिचं चुकलं. थोरला बाजारात सांगत फिरायचा, आमची आई पेंग्विनच वापरते. धाकटा त्याच बाजारात सांगायचा, आईनं शेवटी माझंच घेतलं. दोघांनाही वाटायचं, आपण जिंकलो, आईनं आपल्याला निवडलं. जिंकलेला माणूस कशाला पहिलं पाऊल टाकेल? ताई दोघांना जपत राहिली आणि भांडण पोसत राहिली. मला हे दिसत होतं. पण तिच्या तोंडावर कसं सांगणार, तिच्या त्या बोटांकडे बघून?

शेवटचं काम आलं ते एका निवृत्त स्टेशनमास्तरांचं आत्मचरित्र. गाड्या आल्या, गाड्या गेल्या, साहेबांनी पाठ थोपटली. पानंच्या पानं. त्या माणसाला ते आयुष्य एकदाच जगावं लागलं, ताईनं दोनदा टाइप केलं. शेवटचं प्रकरण तिनं सकाळी पेंग्विनमध्ये पुरं केलं. दुपारी मी चहा घेऊन गेले तर ती खुर्चीत उजवीकडे कलली होती. तोंड वाकडं झालेलं. मी नर्स, मला कुणी सांगायची गरज नव्हती. कप तसाच खाली सोडला आणि गाडी बोलावली.

मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दोन्ही मुलगे हॉस्पिटलमध्ये आले. एक खिडकीशी उभा, एक दाराशी. मधल्या पलंगावर आई, आणि हे माझ्यामार्फत बोलतायत. "मावशी, त्याला सांग, रिपोर्ट आलेत." मी म्हटलं, "माझं टपालखातं आजपासून बंद."

त्याच आठवड्यात स्टेशनमास्तर घरी आले. बिचारे अवघडून म्हणाले, आत्ता विचारणं बरं दिसत नाही, पण ते शेवटचं प्रकरण... दोन्ही मुलगे तेव्हा घरीच होते, आईचे कपडे न्यायला आलेले. थोरल्यानं मशीन चालू केलं, एंटर दाबलं, पेंग्विनमधून प्रकरण छापून त्यांच्या हातात दिलं. ते गेले. धाकटा माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, हे त्याच्याकडे कसं? आई तर माझ्यात टाइप करायची. मी स्वतः बघितलंय."

"तुझ्यात?" थोरला म्हणाला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा थेट भावाशी बोलला.

धाकट्यानं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. बाण, एंटर. मशीननं आपोआप जपून ठेवलेलं तेच प्रकरण. तीच गाडी, तोच सिग्नल, तेच साहेब, आणि एका वाक्याच्या मध्येच संपलेलं. पुढे एकच अक्षर पडद्याच्या टोकापर्यंत ओळीमागून ओळ गेलं होतं. तिचा हात पडला होता त्या बटणावर.

"हे काय आहे, मावशी?"

मग मी सांगितलं. सगळं, तोंडाला येईल तसं. पिन उपटली ते, मलम चोळलं ते. दोघं खाली बघत ऐकत होते. ऐकून झाल्यावर थोरल्यानं काय विचारावं? "कुणाचं आधी करायची?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "अरे, लाजा कशा वाटत नाहीत? अजून तेच? ज्यानं बरेच दिवस तोंड दाखवलं नसेल त्याचं आधी करायची ती! ऐकलंत? आता घ्या वाटून!"

थोरला मटकन खुर्चीत बसला आणि रडायला लागला. एवढा बाप्या. धाकटा त्याच्या पाठीमागे उभा राहिला, बराच वेळ हात कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा. मग खांद्यावर ठेवला.

त्यानंतर उलटंच भांडण. "दादा, तुझं ठेव." "नको, तुझं ठेव, माझं काढ." मी म्हटलं, आता यावरून डोकी फोडा! शेवटी धाकट्यानंच आपला शिंगवाला स्वतःच्या हातानं काढला. थोरला नको नको म्हणत होता, पण त्यानं ऐकलं नाही. आता ते मशीन काही विचारत नाही. चालू केलं की सरळ उघडतं.

ताईला घरी आणलं. पलंग त्याच खोलीत, टेबलाशेजारी. दोघं रोज येतात, एका वेळी. एक कुशीवर वळवतो, एक चमच्यानं भरवतो. दोघं मिळून दुसऱ्या वाचनालयांची कामंही बघू लागलेत. शेजारणी म्हणतात, आजारपणानं का होईना, मुलं एक झाली. मी मान हलवते. तिला हवं होतं ते तिच्या डोळ्यांपुढे आहे, आणि तिला ते कळतंय की नाही हेच मला कळत नाही.

कारण थोरला शेजारी बसलेला असतो आणि जिन्यात धाकट्याची पावलं वाजतात, तेव्हा तिचे डोळे दाराकडे जातात, घाबरलेले. आणि धड असलेला डावा हात पांघरुणावर चालू लागतो. एक बोट दाबतं. मग हात थोडा सरकतो आणि पुन्हा दाबतो. बाण, एंटर. बाण, एंटर. थोरला तो हात धरून सांगतो, "आई, नको गं. आता ते काही विचारत नाही. तो मला भेटायलाच आलाय." ती हात सोडवून घेते आणि पुन्हा सुरू करते.

धाकटा आता चपला खालीच काढून, एकेक पायरी हळूहळू चढून येतो. तरी तो दारात दिसला की तिचं बोट हलतंच.