जड शेपटीचं विमान

जबलपूरच्या अधारतालमधल्या एका गल्लीत विनीता हर्षे यांची गाडी लागोपाठ तीन उन्हाळे रस्त्यावर उभी राहिली, कारण गॅरेज विमानानं अडवलं होतं. गाडीच्या टपाचा रंग पार उडाला. शेजारी विचारत, "भाभीजी, उडेगा कब?" विनीता म्हणत, "उन्हीं से पूछिए." पण देवदत्त हर्षे यांना हा प्रश्न विचारायची सोय उरली नव्हती. विचारणाऱ्याला बस म्हणायच्या आधीच ते आत निघून जात, आणि थोड्या वेळानं गॅरेजमधून पॉलिशपेपर घासल्याचा आवाज सुरू होई.

हर्षे सर एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवायचे. नोकरीभर त्यांनी पोरापोरींना हलक्या लाकडाची विमानं करायला शिकवलं. पोरं ती करत, मैदानावर नेत आणि आपटत. सर पुन्हा नवीन लाकूड कापायला घेत. स्वतःच्या हातांनी केलेलं एकही चांगलं विमान त्यांच्याकडे राहिलं नव्हतं. काही युनिटच्या कपाटात गेली, काही बदली होऊन जाणाऱ्या साहेबांना भेट म्हणून दिली गेली. एका सुबक डकोटा विमानावर तर साहेबांच्या बंगल्यावर पोचण्याआधीच जीपमध्ये कुणीतरी बसलं. सर त्या दिवशी जेवले नव्हते.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, आता एक विमान आपलं. इतकं मोठं, की कुणाला भेट देताच येणार नाही. आणि विमान कुठलं, हे त्यांनी कॉलेजात असतानाच ठरवून टाकलं होतं. पुण्याच्या एका शिबिरात, तारेच्या कुंपणापलीकडे, त्यांनी सुपर कॉन्स्टेलेशन पाहिलं होतं. प्रवासी घेऊन विलायतेला जायचे दिवस संपवून ते हवाई दलात आलं होतं. चार इंजिनं, बगळ्यासारखे लांब पाय, शेपटीवर एक सोडून तीन उभे पंख, आणि अंग असं की मासा पाण्यात वळावा. बाकीची विमानं त्याच्या शेजारी पाइपाचे तुकडे वाटत होती. त्याचीच आठव्या हिश्शाची प्रतिकृती करायची. पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेचार मीटरच्या वर. आणि ती नुसती ठेवायची नाही, उडवायची.

त्या माशाच्या अंगानंच पहिला दणका दिला. साध्या विमानाच्या पोटाला मधल्या भागात सारख्या मापाच्या चकत्या चालतात. एक कापली की तिच्यावरून बाकीच्या कापायच्या. इथे एकही चकती दुसरीसारखी नव्हती. प्रत्येकीचं माप वेगळं, मध्य वेगळा. पहिला सांगाडा उभा राहिला तेव्हा सरांनी दारात उभं राहून एक डोळा मिटून पाहिलं. विमान शेपटीकडे डावीकडे वळलं होतं.

"केळं दिसून राहिलं," विनीता म्हणाल्या. त्या विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या. खोटं बरं बोलायची त्यांना सवय नव्हती.

सरांनी तो सांगाडा मोडला. दुसराही मोडला. तिसरा सरळ आला, पण तेवढ्यात पाण्याचे दिवस आले आणि दमट हवेत उजवा पंख पिळवटला. तो सरळ करायला त्यांनी वजनं ठेवली, इस्त्री फिरवली, शेवटी फाडून नवा केला. इंजिनांवरची आवरणं फायबरची करायची होती. ते काम रिछाईतल्या अंबरीश देवपुजारीकडे दिलं. त्याचा पाण्याच्या टाक्यांचा छोटा कारखाना होता. माणूस जीव लावणारा, पण त्याच्या तोंडी एकच शब्द.

"सर, परवा. एकदम पक्का."

असे किती परवा आले नि गेले. शेवटी आवरणं आली ती चारही एका मापाची.

"अरे, आतल्या दोन इंजिनांच्या पोटात चाकं जातात ना! ती दोन वेगळी असतात. सांगितलं होतं मी तुला."

"सर, एकसारखी छान दिसतात पण," अंबरीश म्हणाला.

सरांनी हातातलं आवरण टेबलावर ठेवलं, टेबलावरून उचलून खुर्चीवर ठेवलं आणि बाहेर जाऊन गल्लीच्या टोकापर्यंत चालून आले.

या सगळ्या वैतागात एकच काम असं होतं की ज्यात त्यांचं मन रमलं. शेपूट. तीन उभे पंख आणि त्यांना जोडणारा आडवा पंख. तो भाग त्यांनी पातळ प्लायनं मढवला, वर लांबी भरली, घासून आरशासारखा केला. इंजेक्शनच्या सुईतून डिंकाचा एकेक थेंब टाकून त्यावर पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, रिव्हेटच्या रांगा उमटवल्या. खऱ्या विमानाला जिथे जिथे रिव्हेट असतील तिथे तिथे. सुई धरून धरून बोटं आखडायची. पण त्या शेपटीवरून हात फिरवताना त्यांचा चेहरा बदलायचा, हे विनीतांनी पाहिलं होतं. म्हणून त्या त्यावर काही बोलत नसत.

नवरात्र जवळ आलं तसे दुर्गा मंडळाचे दोघे जण आले. त्यांना विमान मंडपात टांगायचं होतं. "सर जी, मातारानी बादलों से उतरेंगी, बगल में आपका जहाज. लायटिंग हमारी."

"हे टांगायचं नाही. उडायचं आहे," सर म्हणाले.

"उडता तो है नहीं अभी," त्यातला एक समजुतीच्या सुरात म्हणाला, आणि सरांनी गॅरेजचं शटर त्याच्या तोंडावर ओढलं.

उडवायचं कुणी, हा प्रश्न होताच. सरांचा उजवा हात आता अधूनमधून थरथरायचा. लांबवरचं बारीक दिसायचं नाही. त्यांची एक जुनी कॅडेट, अवंतिका मोघे, आता नेपियर टाउनला दाताचा दवाखाना चालवत होती. रिमोटची विमानं उडवण्यात तिचा हात धरणारं जबलपुरात कुणी नव्हतं. ती एका रविवारी आली, विमानाभोवती फिरली, शेपटीपाशी थांबली आणि गुडघ्यांवर बसून रिव्हेट पाहू लागली.

"सर, ये तो... क्या बोलूं. किती सुंदर केलंय तुम्ही."

मग तिनं तिथेच असलेल्या अंबरीशला पंखाखाली एका बाजूला उभं केलं, दुसऱ्या बाजूला स्वतः उभी राहिली. वजनाचा तोल जिथे यायला हवा तिथे दोघांनी बोटं लावली आणि विमान उचललं. नाक वर गेलं. शेपूट खाली बसली. दुसऱ्यांदा उचललं तरी तेच.

"शेपूट जड आहे, सर."

"थोडी आहे. नाकात शिसं भरू."

"थोडी नाही. इतकं शिसं भरलं तर पुढच्या चाकाचा पाय नाही टिकणार. और उडेगा भी तो ईंट जैसा. शेपूट नवी करावी लागेल."

सर म्हणाले, "ती शेपूट मी बदलणार नाही."

"सर, तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? शेपटीवरचा एक ग्रॅम म्हणजे नाकात तीन. माझी ग्लायडर तुम्ही त्यासाठीच मोडायला लावली होती. मैं रोई थी उस दिन."

"ती ग्लायडर होती!" सरांचा आवाज चढला. "हे काय आहे तुला कळून राहिलं का? काहून आलीस मग, चुका काढायला?"

अवंतिका वळली. "मी असं नाही उडवणार," एवढंच म्हणाली आणि गेली.

सरांनी नाकात शिसं भरलं. जागेसाठी वेगळीच पायपीट झाली. गावाजवळ उडवायला मनाई, म्हणून कुंडमच्या पुढची जागा शोधली. तिथे नवा रस्ता झाल्यावर जुन्याचा एक सरळ तुकडा तसाच पडून होता. परवानगीसाठी एका कार्यालयातून दुसऱ्यात. एका साहेबांनी फोटो बराच वेळ पाहून विचारलं, "इसमें आदमी बैठेगा?" सर म्हणाले, नाही. "फिर उडेगा कैसे?" यावर सरांना घाम फुटला. पण कागद मिळाला.

पहिल्या खेपेला फक्त जमिनीवर पळवून पाहायचं ठरलं होतं. अंबरीशच्या टेम्पोतून विमान नेलं, जोडलं. रिमोट सरांच्या हातात. चारी मोटरी घोंघावल्या, विमान निघालं, वेग आला, आणि रस्त्यातल्या एका लहानशा खड्ड्यात पुढचा पाय मोडून नाक डांबरावर घासत गेलं. घरी आणून पाय नवा केला, जाड केला. दुसऱ्या खेपेला पाय मोडला नाही, मुळासकट उपटला गेला. पोटाखालचं लाकूड हातभर उलगडलं.

परतताना सर टेम्पोत अंबरीशवर घसरले. आवरणं जड केलीस, उशीर केलास, टेम्पो गचके देतो. अंबरीशनं सगळं ऐकून घेतलं. घराशी विमान उतरवून झाल्यावर तो म्हणाला, "सर, राग काढा माझ्यावर. पण ती अवंतिका खोटं नव्हती बोलली." आणि टेम्पो वळवून निघून गेला.

त्यानंतर गॅरेजचं शटर बंदच राहिलं. सर सकाळी पेपर वाचत, दुपारी झोपत, संध्याकाळी पुन्हा तोच पेपर वाचत. भाजीत मीठ कमी म्हणून चिडत, पंखा आवाज करतो म्हणून चिडत. विनीतांनी आठवडाभर सहन केलं. मग एका दुपारी त्यांनी पेपर त्यांच्या हातातून काढून घेतला.

"अहो, एक विचारू? तुम्हाला ते उडवायचंय की दाखवायचंय?"

"काय म्हणायचंय तुला?"

"दाखवायचं असेल तर त्या मंडळवाल्यांना देऊन टाका, माझी गाडी आत येऊ द्या. लोक बघतील, वाहवा करतील. तुमचे रिव्हेट पण बघतील. उडवायचं असेल तर तुम्हाला काय करायचंय ते माहीत आहे. मला नका विचारू, आणि मिठावरून भांडू नका."

सर उठले, किल्ली घेतली. शटर वर गेल्याचा आवाज विनीतांनी स्वयंपाकघरातून ऐकला. मग करवत सुरू झाली.

त्या चहा घेऊन गेल्या तेव्हा तीन पंखांची ती शेपूट जमिनीवर वर्तमानपत्रावर पडली होती. सर करवत हातात धरून तिच्याशेजारी बसले होते, घामानं भिजलेले. "हिच्यावर वर्ष गेलं ना गं माझं," ते म्हणाले. विनीतांनी कप खाली ठेवला आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या.

नवी शेपूट फोमची केली. तापलेल्या तारेनं कापलेली, वर कागद आणि पातळ डिंक. रिव्हेट नाहीत, चकाकी नाही. सरांना ती बघवत नसे. शाळेतल्या पोरानं केल्यासारखी दिसते, म्हणत. करतानाही दोनदा फोम जास्त जळला आणि त्यांनी तो गल्लीत भिरकावला. अंबरीशला त्यांनी स्वतः फोन केला. अवंतिकाकडे मात्र दवाखान्यातच गेले, रांगेत बसले आणि नंबर आल्यावर आत जाऊन म्हणाले, "दात ठीक आहेत. शेपूट कापली."

"बैठिए सर," अवंतिका म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण ती हसत होती. "आलाच आहात तर दात पण बघते."

थंडीतल्या एका स्वच्छ सकाळी ते चौघं कुंडमपुढच्या त्या रस्त्यावर गेले. खड्डे अंबरीशनं आदल्या दिवशीच मुरूम टाकून बुजवले होते. नाकातलं शिसं जवळजवळ सगळं काढलं होतं. अवंतिकानं रिमोट गळ्यात अडकवला आणि सरांकडे पाहिलं. "सर, तुम्हाला उडवायचंय? मी शेजारी उभी राहते."

सरांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "नको," ते म्हणाले. "उडव तू."

मोटरी सुरू झाल्या. विमान पळालं, नाक उचललं गेलं, आणि मग रस्ता आणि चाकं यांच्यात हवा दिसू लागली. सागाच्या झाडांवरून ते वर गेलं. वळताना ऊन पोटावर पडलं आणि ते माशासारखं अंग लख्ख उजळलं. विनीता टाळ्या वाजवत होत्या. अंबरीश ओरडत होता. सर मात्र तक्रार करत होते.

"डावीकडची बाहेरची मोटर बेसूर आहे. ऐकलंस? वळण फार आवळू नकोस. अगं, आवळू नकोस म्हटलं ना!"

"सर, बघा ना जरा," अवंतिका नजर न हलवता म्हणाली. "बोलिए मत. बस देखिए."

सरांनी मान वर केली. विमान त्यांच्या डोक्यावरून गेलं तेव्हा त्यांना ते नीट दिसलं नाही, धुरकट ठिपक्यासारखं दिसलं. पण चारी मोटरींचा आवाज छातीत उतरला. अवंतिकानं आणखी एक फेरी मारली आणि विमान अलगद खाली आणलं. लांब पायांवर ते थोडं डुललं आणि थांबलं.

सगळे धावले. सर सर्वांत मागून पोचले आणि सवयीनं पंखाच्या बुडाशी वाकून हात फिरवू लागले. त्यांचा हात थांबला. कागदाखाली मुख्य तुळईला बोटाएवढी चीर गेली होती. अवंतिकानंही पाहिली. आज पुन्हा उडवायचं नाही, हे कुणाला बोलावं लागलं नाही.

"एकच उड्डाण!" सर ओरडले. "इतक्या वर्षांत एकच! आणि तेसुद्धा मला धड दिसलं नाही!" त्यांनी टोपी काढून रस्त्यावर आपटली. अंबरीश खाली पाहू लागला. विनीतांनी टोपी उचलून झटकली.

"आवाज ऐकला ना?" त्यांनी विचारलं.

"ऐकला."

"कसा होता?"

सरांनी टोपी घेतली. "बेसूर," ते म्हणाले, आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंख टेबलावर आडवा होता. सर ब्लेडनं त्याचा कागद सोलत होते. तुळई कशी भरायची, जोड कुठे द्यायचा, हे स्वतःशीच पुटपुटत होते, मधूनच वैतागत होते. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ विनीतांनी दुपारची घेतली होती. तोवर ते हात धुऊन तयार होतील, याची त्यांना फारशी खात्री नव्हती.