जोतीरामआबांचा ‘पाल’

जोतीरामआबा पलूसचे. शिक्षण चौथी, धंदा गलाईचा, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायचं. त्यापायी त्रिशूर काय, कोलकाता काय, सारा मुलूख पालथा घातला. आपला एखादा शब्द परक्या भाषेत भेटला की आबा असे हरखायचे, जणू गावचा माणूसच भेटला! त्यातही ‘पाल’ म्हणजे जीव की प्राण. आपल्याकडे भिंतीवरची पाल, जत्रेत ठोकतात ते पाल, बंगालीत नावेचं शीड, मल्याळीत दूध.

“तंबू आन् शीड एका कापडाची भावंडं, दूध मातुर परक्या घरचं,” आबा छातीठोक सांगायचे. ऐकलेला प्रत्येक अर्थ, सांगणाऱ्याच्या नावासकट, चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवायचे.

आणि आज त्या चिठ्ठ्या विश्रामबागच्या कॉलेजात दाखवायच्या होत्या! तिथे शिकणाऱ्या अंकितानं, त्यांच्या नातीनं, सरांना गळ घातली होती. आबा इस्त्रीची टोपी घालून तिच्यासोबत सांगलीच्या आपल्या गलाईच्या दुकानात डबा घ्यायला गेले, तर डबा रिकामा.

दुकान आता मुलगा सिद्धू सांभाळायचा, त्याचा चेहरा उतरला. “आबा, काल दुकानातला केर जाळला. डब्यातल्या चिठ्ठ्याबी जुनी कागदं समजून त्यातच घातल्या वं.”

गलाईच्या दुकानात कागदाचा चिटोराही फेकत नाहीत. त्यावर सोन्याची धूळ बसलेली असते, म्हणून सगळं जाळून राखेतून सोनं काढतात. हे पोराला शिकवलं आबांनीच, मग रागवणार कुणावर? आबा मटकन खाली बसले.

“आवं, तुमाला सगळं तोंडपाठ हाय की!” अंकितानं त्यांना हाताला धरून उठवलं.

कॉलेजात आबांनी बंगाली नावाडी असा रंगवला की पोरं टाळ्या पिटायला लागली. आबांना चेव चढला. पण मल्याळीपाशी हात सवयीनं खिशाकडे गेला, चिठ्ठी नव्हती, आणि डोकं एकदम कोरं झालं. अंकितानं डोळे गच्च मिटले.

“दूध, आबा! दूध!”

मागून सिद्धू ओरडला. दुकानाला कुलूप ठोकून तो आला होता. “त्रिशूरला तुमी भट्टीवर असायचा, आई आजारी. शेजारच्या अम्मिणीअम्मा मला ‘पाल, पाल’ म्हनत पेला भरून द्यायच्या न्हवं का!”

आबांचा चेहरा फुलून आला. “ये रं वर, गड्या! मी निस्तं लिवून घेतलं, तू पिलायस. आता तूच सांग!”

त्यांनी माईक सिद्धूच्या हातात दिला आणि पहिल्या रांगेत ऐकायला जाऊन बसले.