बाकड्यावरचं गाऱ्हाणं

देवावर माझा विश्वास होता, पण डॉक्टरांकडून नवं काही ऐकायची वेळ आली की तो कुठे पळायचा कोण जाणे. मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा, हे माझं दुखणं तारुण्यापासूनचं. लालबागच्या आमच्या चाळीत मला पेजभातवाला म्हणूनच ओळखतात. त्यामुळे गेल्या वर्षी ताप रेंगाळू लागला, पॅन्ट कमरेवर ठरेना, तरी मी आपला म्हणायचो, "जुनंच आहे, चाळवलंय जरा."

परळच्या डॉक्टरांना ते पटेना. म्हणाले, "इतकी वर्षं सुजलेलं आतडं, त्यात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. अशा फार थोड्या लोकांना आतड्यातच लिम्फोमा होतो, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर. दुर्बिणीतून तुकडा काढून बघू." मी तारीख घेतली आणि गेलोच नाही. बायको भडकली. "देवाला नारळ ठेवता नि डॉक्टरला तोंड दाखवत नाही! आजार लपवून बरा होतो होय?"

आम्ही मूळचे मालवणकडचे. काही अडलं की देवापुढे गाऱ्हाणं घालायचं. मोठ्या माणसाने मागणं बोलायचं, बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. मी मात्र महिनोन्महिने एकटाच मागत होतो, "ह्या दुखणा जुनाच असांदे रे म्हाराजा," आणि होकारही मीच देत होतो. वकीलही मीच नि न्यायाधीशही मीच!

शेवटी बायकोने धरून नेलंच. पोट साफ करायचं ते खारट पाणी पिऊन जीव अर्धा झालेला. ती कागद द्यायला खिडकीपाशी गेली आणि मला बाकड्यावर बसवेना. उठत होतो, बसत होतो, पाय सारखे दाराकडे. खरं सांगतो, पळणारच होतो. चपला पायात सारल्या आणि नेहमीचं पुटपुटू लागलो, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला हा..."

"व्हय म्हाराजा," शेजारून आवाज आला.

बघतो तर फ्रॉक घातलेली एक म्हातारी ख्रिस्ती बाई, हातात जपमाळ. मी तोंड वासून बघतच राहिलो. ती हसली. "गिरगावात आमच्या वाडीत सगळे तुमचेच लोक. लहानपणापासून म्हणते मी. बोल रे पुढे."

"ह्या दुखणा जुनाच असांदे म्हाराजा..."

ती गप्प. मी पुन्हा म्हटलं, तरी गप्प. मला रागच आला. "अहो, म्हणा की!"

"कशी म्हणू? आत जे झालंय ते झालंय, बाबा. आता ते देवाने बदलून ठेवायचं काय? दुसरं माग."

फार भीती वाटत होती मला, ती त्या क्षणी पहिल्यांदा मी कबूल केली. कसाबसा म्हणालो, "जा काय आसात, ता उजेडात येवंदे. सोसूक बळ दी."

"व्हय म्हाराजा!" म्हातारी एवढ्या मोठ्यांदा म्हणाली की खिडकीपाशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. त्यात माझी बायकोही. तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं. मी चपला काढल्या आणि आत गेलो.

लिम्फोमाच निघाला. डॉक्टर म्हणाले, अजून आतड्यापुरताच आहे, बरं झालं आलात. केमो चालू आहे. बरा होईन की नाही, ठाऊक नाही. सलाईन लागलं की पाय अजूनही दाराकडे ओढ घेतात, पण उठत नाही. याला कोणी योगायोग म्हणेल. म्हणोत बापडे. माझ्या देवाने त्या दिवशी मला होकार दिला, आणि त्याआधी नकार दिला. त्या नकाराचे उपकार जास्त आहेत.

फक्त एक रुखरुख जात नाही. ती बाई तिथे कशासाठी बसली होती, हे मी विचारलंच नाही. बाहेर आलो तेव्हा बाकडं रिकामं होतं. म्हणून आता केमोच्या खुर्चीत माझं मागून झालं की शेवटी म्हणतो, "म्हाराजा, तिचा जा काय गाऱ्हाणा आसात, ता ऐक."

आणि शेजारी बसलेली बायको माझा हात दाबून म्हणते, "व्हय म्हाराजा."