सगुणाबाईंच्या कम्प्युटरवरची लाल चौकट

सेलूच्या सगुणाबाईंचा मुलगा धम्मदीप अपघातात गेला, तेव्हापासून त्याचा कम्प्युटर त्या जिवापाड जपत होत्या. रोज संध्याकाळी बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, की कम्प्युटर चालू करायच्या. पडद्यावरच्या फोटोत धम्मदीप हसायचा आणि टुंग् करून त्याच्या तोंडावरच इंग्रजीतली एक लाल चौकट यायची.

पुढं कम्प्युटर फारच अडखळायला लागला, म्हणून त्यांनी दुरुस्ती करणाऱ्या शेजारच्या धम्मशीलाला बोलावलं. चौकट बघताच ती भडकली.

"मावशी, व्हायरस हाय म्हणून हे बोंबलायलंय, पर हाच खरा व्हायरस! लोकायला भेव दाखवून लुटायलेत मेले."

तिनं आधी इंटरनेट बंद केलं, मग तो खोटा प्रोग्राम शोधून मुळासकट काढला. कम्प्युटर पुन्हा सुरू झाला. आता नुसता धम्मदीप हसत होता.

सगुणाबाई वाट बघत राहिल्या.

"आता ते इचारणार न्हाई का गं?"

"काय इचारायचं?"

"मला कुठं वाचता येतंय? पर रोज टुंग् करून कायतरी इचारायचं, मी बटण दाबून हो म्हणायची. ते धम्मदीप न्हाई, एवढं कळतंय मला. पर लेकरू गेल्यापासून या घरात मला दुसरं कोण काय इचारायलंय?"