एकोणीस किलोंची चिठ्ठी

माझ्या दोघा लेकरांनो,

परवा तुमच्या आईचा फोन आला होता. बोलता बोलता ती म्हणाली, थोरली अजून विचारते, "मी आजीला आणखी ठामपणे सांगायला हवं होतं का?" सायकलीबद्दल. वर्ष होत आलं, तुम्ही दोघं इतक्या दूर, आणि माझ्या नातीच्या मनात ही गोष्ट अजून बसून आहे हे मला माहीत नव्हतं. म्हणून हे सगळं आजच क्रमाने लिहून काढते आहे. धाकट्याला मराठी वाचायला जड गेलं तर बाबांनी मोठ्याने वाचून दाखवावं. काही गाळू नये.

तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. सिद्धेश्वरच्या धरणातून निघालेला कालवा आपल्या घरामागून जातो. निवृत्तीनंतरही ते रोज सकाळी कालव्याच्या बांधावरून सायकलने चार किलोमीटर जायचे, पायपूल ओलांडायचे आणि पलीकडे गेटवाल्या चाचांकडे बसायचे. चाचांनी तीस वर्षं कालव्याची दारं उघडली आणि बंद केली. पुढे त्यांची नजर गेली. मुलगा आणि सून सकाळीच शेतात जात, मग घरात चाचा एकटे. आजोबा त्यांना पेपर वाचून दाखवायचे. दोनदा मीही सोबत गेले होते. चाचांची पहिली मागणी ठरलेली असायची, निधनवार्तांच्या पानाची.

"साहेब, आधी शेवटचं पान. कोण सुटलं ते सांगा."

"आज कोणी वळखीचं न्हाई."

"मंग वाचा राजकारण. वेळ तर घालवावा लागतो ना बराबर."

दोन वर्षांपूर्वी आजोबांच्या हृदयात स्टेंट बसवली. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण दम लागेल इतकी नको. कमरेच्या मणक्याचं दुखणं आधीपासून होतंच, आणि बांधाचा रस्ता म्हणजे नुसते दगड. मोटारसायकल पायपुलावर चढत नाही. डांबरी रस्त्याने चौदा किलोमीटरचा वळसा पडतो, तोही ट्रकांच्या गर्दीतून. पायपुलाला दोन्ही बाजूंनी अकरा-अकरा पायऱ्या आहेत. आजोबा जुनी काळी सायकल खांद्यावर टाकून त्या चढायचे. डॉक्टरांना आम्ही बांध सांगितला. पायऱ्या सांगितल्या नाहीत. त्यांनी नाही आणि मीही नाही.

तेव्हा थोरलीने सुचवलं की डोंगरात चालवायची विजेवरची सायकल घ्या. ती तिकडे तशी चालवते. आजोबांच्या तीन गरजा तिने बरोबर ओळखल्या. छातीसाठी मोटर, कमरेसाठी पुढे आणि मागे दोन्हीकडे शॉकअप, आणि पायऱ्यांसाठी कमी वजन. तिने मला तक्ता करून पाठवला. तो मी वहीत उतरवून घेतला आणि शेवटी तांबड्या शाईने नियम लिहिला: नवी सायकल जुनीपेक्षा जड नको.

नांदेडच्या दुकानदाराने दोन सायकली टेम्पोत घालून आणल्या. एक करडी, थोरलीने पहिली पसंती दिलेली. तिची बॅटरी सांगाड्यातच बंद होती, बाहेर निघत नव्हती. दुसरी हिरवी, तिची बॅटरी किल्लीने काढता येत होती. आजोबा दोन्हींवर बांधापर्यंत जाऊन आले. येताना हसत होते. "दगड गेल्याचं कळलंच न्हाई," म्हणाले. त्यांना दोन्ही सारख्याच आवडल्या. निवड माझ्यावर आली.

थोरलीचा तक्ता सांगत होता की हिरवी करडीपेक्षा जड आहे, जवळजवळ तीन किलोंनी. पण खरं सांगायचं तर मला हिरवीच हवी होती. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि इन्व्हर्टरवर चालणारा प्लग फक्त स्वयंपाकघरात आहे. काढून आणता येणारी बॅटरी ओट्याशेजारी ठेवता आली असती. शिवाय माझा छापील आकड्यांवर विश्वास नाही. मी दुकानदाराला म्हटलं, "आम्ही तोलून घेणार."

तो हसला. "बाई, भाजी आहे का ती?"

"भाजी असती तर नजरेने घेतली असती."

आपल्या भागात वजनाची शंका आली की माणूस हळदीच्या बाजारात जातो. हिंगोलीला आडतीवर ओळखीचे मापाडी होते, बाजारात माल तोलणारे. त्यांचा एक भाऊ माझ्या वर्गात होता. टेम्पोत तीन सायकली घालून आम्ही तिकडे गेलो, दोन नव्या आणि एक जुनी काळी. आवारात हळदीचे ढीग पडले होते आणि धूळ नाकात जात होती. आडत्याने मला आत पंख्याखाली बसवलं, चहा सांगितला. आजोबा दारात दुकानदाराशी बोलत उभे राहिले. सायकली काट्यावर चढवताना मी पाहिल्या नाहीत.

मापाड्यांनी चिठ्ठी आणून दिली. अक्षर सुरेख. जुनी साडेवीस किलो. करडी एकोणीस किलो आठशे ग्रॅम. हिरवी एकोणीस किलो दोनशे. खाली रेघ मारून लिहिलं होतं, निव्वळ.

"नीट तोललं ना?" मी विचारलं.

"बाई, तीस वर्षं हेच करून राहिलो. ग्रामचा फरक निघाला तर काटा फेकून देईन."

मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. इंग्रजी माझा विषय, पण शिक्षक कमी पडले की आठवीचं गणितही घ्यायची. ढोबळ वजन, निव्वळ वजन, पोत्याचं वजन वजा करा. फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. त्या दिवशी तो शब्द वाचून मला समाधान वाटलं की हिशेबी माणसाने तोललं आहे. कशातून काय वजा करून निव्वळ, हे मी विचारलं नाही.

हिरवी घेतली. तिची चाकं हळदीने पिवळी होऊन घरी आली. पैसे तुमच्या बाबांनी आणि काकांनी दिले. थोरलीने फोटो पाहून लिहिलं, "आजी, ही तर जड आहे ना? साइटवर तसंच लिहिलंय." मी उत्तर पाठवलं, "कंपन्या काहीही लिहितात. आम्ही काट्यावर तोलली आहे." तिने पुढे वाद घातला नाही. माझ्या उत्तरानंतर तिला वाद घालायला जागाच नव्हती. थोरले, हे वाक्य तू दोनदा वाच.

पहिले दोन आठवडे छान गेले. मग एके दिवशी पुलावरून आल्यावर आजोबा अंगणात खांदा चोळत म्हणाले, "जरा जड वाटते का गं ही?"

मी वहीतून चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे धरली. "जुनीपेक्षा सव्वा किलोने हलकी आहे. सायकल जड नाही झाली, तुमचे हात म्हातारे झाले."

त्यांनी चिठ्ठीवरचे आकडे वाचले. "असंल बुवा," म्हणाले. "काटा काय खोटं बोलंल?"

तिसऱ्या आठवड्यात पलीकडच्या पायऱ्या उतरताना सायकल खांद्यावरून मागे ओढली गेली आणि ते खाली आले. कालव्यावर धुणं धुणाऱ्या बायांनी आवाज ऐकला. डाव्या बाजूचं गळ्याचं हाड आणि मनगट मोडलं. हृदयाला काही झालं नाही. डॉक्टरांनी पायऱ्यांबद्दल तेव्हा पहिल्यांदा ऐकलं आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

दहा दिवसांनी मापाडी भेटायला आले. सायकल ओसरीवर होती आणि बॅटरी आत लावलेली होती. त्यांनी सहज मागचं चाक उचलून पाहिलं.

"पेटीसकट बरीच जड होते की ही."

"पेटीसकट म्हणजे?"

"आमी पेटी काढूनच तोलली होती ना, बाई. किल्ली तिलाच लटकत होती. त्या करडीची निघंना, म्हणून ती तशीच तोलली."

"काढली काहून?" आतून आजोबांनी विचारलं.

मापाडी गोंधळले. "साहेब, सुटं होतं ते बारदान. पोतं कुणी हळदीत धरतं का? म्हणून तर खाली निव्वळ लिहिलं."

त्यांच्यावर रागवायला जागा नव्हती. आयुष्यभर त्यांनी मालातून पोतं वजा केलं होतं, इथेही तेच केलं. आणि लिहूनही दिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या भुसार दुकानात सायकल बॅटरीसकट तोलून आणली. बावीस किलो सातशे. थोरलीच्या तक्त्यात होतं जवळजवळ तेवढंच.

मी आजोबांना आकडा सांगितला. ते रागावले नाहीत. उजव्या हाताची मूठ एकदा मिटली, एकदा उघडली.

"म्हणजे माझा हात खराच सांगून राहिला होता," एवढंच म्हणाले. मग दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी त्यांच्या हाताला म्हातारा म्हटलं होतं आणि त्यांनी हातापेक्षा माझ्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला होता. हे मला अजून सोसत नाही.

पण खरं नुकसान त्यांच्या हाडांचं नव्हतं. आजोबांना बरं व्हायला अडीच महिने लागले. तेवढ्या दिवसांत चाचांकडे दिवसा रोज जाणारं कोणी नव्हतं. मी दोनदा रिक्षाने वळसा घालून गेले, पेपरही वाचला. चाचा अदबीने ऐकत राहिले, पण शेवटचं पान आधी मागितलं नाही. रोज सकाळी सायकलच्या घंटीच्या वेळी ते काठी घेऊन पुलाकडे यायला लागले होते, ऐकायला. एकदा मुलगा शेतातून परतला तेव्हा ते कालव्याच्या कडेला उभे होते आणि एक पाय उतारावर होता. मुलगा घाबरला. आठवड्याभरात त्याने त्यांना नांदेडला मोठ्या भावाकडे नेऊन ठेवलं, तिसऱ्या मजल्यावर. जाण्याआधी तो आजोबांना भेटून गेला. म्हणाला, "साहेब, तुमी येत होते तवर आमाला फिकीर नव्हती."

आजोबांनी मान हलवली. मी चहा ठेवायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

थोरले, तू सायकल बरोबर निवडली होतीस. करडी घेतली असती तर कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित तीही एखाद्या दिवशी ओढली गेली असती, कारण पायऱ्या आम्ही डॉक्टरांपासून लपवल्या होत्या. ते मला कधीच कळणार नाही. पण हिरवीची निवड माझी, चिठ्ठी न समजता वाचणं माझं, आणि तुला गप्प करणंही माझंच. यात तुझा दोष काहीच नाही. आता हे मनातून काढून टाक.

काय उरलं आहे ते सांगते. आजोबांचं हाड जुळलं, थोडं वाकडं. हिरवी सायकल चालू आहे. ते तिच्यावरून पुलाच्या पायथ्यापर्यंत जातात, ती खाली टेकवून ठेवतात, थोडा वेळ बसतात आणि परत येतात. घरी आले की साडेआठला नांदेडला फोन लावतात. चाचांच्या कानाला फोन तिथली थोरली सून धरते. आजोबा इतक्या मोठ्याने वाचतात की शेजारच्यांनी पेपर बंद केला आहे. आधी शेवटचं पान, मग राजकारण. हे वाचन रोज होतं. आज सकाळीही झालं.